कॉइल गेली म्हणता? आधी जोड पाहा!

ऐन दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमचा ओव्हन बंद पडला. नानकटाईच्या पाच किलोंच्या ऑर्डरी घेऊन ठेवलेल्या, तूप-मैदा घरात आलेला, पहिला ट्रे आत सरकवला आणि अर्ध्या तासानं बघते तर नानकटाई जशीच्या तशी, पांढरीफटक! तांबडा दिवा लागत होता, टायमर टिकटिक करत होता, ऊब मात्र नावाला नाही.

घरात लगेच निदान झालं. "कॉइल गेली," आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता सांगितलं. मीही मान डोलावली. ओव्हन तापत नाही म्हणजे कॉइल गेली, मिक्सर फिरत नाही म्हणजे मोटर जळली, अशी आपली सगळ्यांचीच ठरलेली उत्तरं असतात, नाही का? कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे ओव्हन नेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो परत आला. "वहिनी, कॉइल चांगली आहे, नुसती वायर सुटली होती. जोडून दिलीय," असं म्हणून त्यानं अगदी थोडेच पैसे घेतले. मला तर तो देवमाणूसच वाटला.

ऑर्डरी पार पडल्या, दिवाळी झाली. भाऊबीजेनंतर चार-पाच दिवसांनी ओव्हन लावला की एक विचित्र वास यायला लागला. जळक्या प्लॅस्टिकचा, आणि त्यात थोडासा मासळीसारखा. आमच्याकडे मासे होत नाहीत, म्हणून सासूबाई वैतागून शेजाऱ्यांच्या नावानं बोटं मोडायला लागल्या. मग एका सकाळी ट्रे काढायला म्हणून त्यांनी ओव्हनच्या पत्र्याला हात लावला आणि "अगं बाई!" करून झटकन मागे घेतला. "मुंग्या आल्या गं हाताला!"

पायात रबरी चपला होत्या म्हणून मुंग्यांवर भागलं. पाचच मिनिटांपूर्वी फरशी पुसून झाली होती आणि एरवी त्या स्वयंपाकघरात अनवाणीच वावरतात. तो विचार मनात आला की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो.

ओव्हनमधून निघालं काय?

माझ्या एका मावसनणंदेनं भोसरीच्या एका कारखान्यात वीस वर्षं वायरिंगच्या लाइनवर काम केलं आहे. गाड्यांच्या आत वायरींच्या जुड्या असतात ना, त्या बनवायचं काम. तिथं लाइनवर बहुतेक सगळ्या बायकाच. वायर कापायची, टोक सोलायचं, त्यावर पितळेचं टोपण दाबून बसवायचं, जुडी बांधायची. घरात मात्र वीस वर्षांत कुणी त्यांना साधा प्लग बदलायलाही सांगितलं नव्हतं! मी फोनवर मुंग्यांची हकीगत सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "वहिनी, प्लग काढून ठेव आणि मी येईपर्यंत त्या ओव्हनला कुणी हात लावू नका."

वन्संनी ओव्हन पालथा घातला आणि उजव्या बाजूचा पत्रा उघडला. आत, बटणांच्या मागे, उष्णता कमी-जास्त करणारा थर्मोस्टॅट असतो. त्याला चपट्या पात्यासारखी दोन धातूची टोकं असतात आणि मूळ कारखान्यात त्या पात्यांवर वायरींच्या टोकांचे लग घट्ट सरकवलेले असतात. त्यातला एक लग जळून काळा पडला असणार. दुरुस्तीवाल्यानं तो कापून टाकला होता, वायरीचं टोक सोलून पात्याभोवती गुंडाळलं होतं आणि वरून काळी चिकटपट्टी. ती पट्टी आता डांबरासारखी वितळून ओघळली होती आणि उघडी पडलेली तार ओव्हनच्या पत्र्याला टेकली होती.

आणि हिरवी वायर? अर्थिंगची? ती कापून, दुमडून कोपऱ्यात खोचून ठेवलेली. काम करताना आड आली असेल, परत लावायची राहिली असेल. ओव्हन तिच्यावाचूनही तापतोच, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. पण ती जागेवर असती, तर उघडी तार पत्र्याला टेकताक्षणी जोराचा प्रवाह जमिनीत गेला असता आणि घरातला फ्यूज उडाला असता. ती नव्हती, म्हणून तो अख्खा पत्राच सासूबाईंच्या हाताची वाट बघत उभा राहिला.

"पण मग इतके दिवस वास येत होता तेव्हा फ्यूज का नाही उडाला?" मी विचारलं. तुमच्याही मनात हेच आलं असेल.

याचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. आमचा ओव्हन १२०० वॅटचा. घरातली वीज २३० व्होल्टची. १२०० ला २३० नं भागलं की सव्वापाचच्या आसपास येतात, म्हणजे एवढे अँपिअर प्रवाह त्या वायरीतून वाहतो. जोड उत्तम असेल तर तिथे वाहत्या विजेला अडथळा असा जवळजवळ नसतोच. पण जोड ढिला झाला, काळवंडला, की अडथळा वाढतो. समजा तो अर्धा ओहम झाला. उष्णतेचा हिशेब असा की प्रवाहाचा वर्ग करायचा आणि अडथळ्यानं गुणायचं. सव्वापाचचा वर्ग साधारण सत्तावीस, त्याचं निम्मं तेरा-साडेतेरा वॅट. पूर्वी देवघरात तो पिवळा झिरोचा दिवा असायचा, तो पंधरा वॅटचा. आठवतो ना किती तापायचा? तेवढी उष्णता शेंगदाण्याएवढ्या जागेत कोंडली तर काय होईल! आणि तापलेली जागा अजून काळवंडते, अडथळा अजून वाढतो, ती आणखी तापते. फ्यूज उडतो तो प्रवाह जास्त झाला तर. इथे प्रवाह उलट किंचित कमीच होतो. त्यामुळे फ्यूज, एमसीबी, सगळे शांत बसून राहतात आणि आत जळत राहतं.

म्हणून वासाकडे दुर्लक्ष करू नका. अशा वेळी घरातला सगळ्यात हुशार फ्यूज म्हणजे आपलं नाक.

लग म्हणजे करंजीची मुरड

आता हा लग म्हणजे काय ते पाहू. दुकानात कुणी त्याला लग म्हणतं, कुणी थिंबल, कुणी टर्मिनल. पितळेच्या किंवा पोलादी पत्र्याचा लहानसा तुकडा. त्याची पुढची बाजू दोन्हीकडून आत वळलेली असते, ती पात्यावर सरकून घट्ट बसते. मागच्या बाजूला कानांसारख्या उभ्या पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी सोललेल्या तांब्याला धरते, मागची जोडी वायरीच्या आवरणाला. मागची जोडी वायर हलली-ओढली तरी तांब्याच्या बारीक तारांवर ताण येऊ देत नाही.

या पाकळ्या खास पकडीनं दाबून आत वळवायच्या, यालाच क्रिंपिंग म्हणतात. वन्सं कारखान्यात नव्या मुलींना शिकवताना म्हणायच्या, करंजीला मुरड घालता तशी घाला. सारण बाहेर नको, कड फाटायला नको, आणि मध्ये हवा राहिली तर तेलात फुटणार! हे अगदी खरं आहे. चांगल्या क्रिंपिंगमध्ये केसासारख्या बारीक तारा आणि लगचा पत्रा एवढे एकमेकांत दाबले जातात की मध्ये हवा शिरायला जागा उरत नाही. हवा नाही म्हणजे काळवंडणं नाही आणि काळवंडणं नाही म्हणजे अडथळा नाही. पकडीतून निघालेला जोड समोरून पाहिला तर दोन्ही पाकळ्या बदामाच्या आकारात आत वळलेल्या दिसतात.

दाबून वायर जोडायची ही पद्धत मोठ्या प्रमाणावर रुजली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. १९४१ मध्ये अमेरिकेत एएमपी नावाची कंपनी निघाली, ती विमानांसाठी आणि जहाजांसाठी असे बिनडागाचे जोड बनवत असे. विमानाच्या हादऱ्यांत टिकणारा जोड तो आमच्या थर्मोस्टॅटवर होता, आणि आम्ही तो काढून तिथे चिकटपट्टी लावली!

"मग डाग दिला तर? कथलाचा?" असं आमच्या ह्यांनी विचारलं. त्यांना रेडिओ दुरुस्तीची जुनी हौस आहे. रेडिओत डाग उत्तम. पण कथील आणि शिसं यांचा नेहमीचा डाग १८३ अंशाला मऊ पडायला लागतो. ओव्हनमध्ये आपण केक १८० अंशाला भाजतो आणि कॉइलच्या टोकापाशी त्याहून कितीतरी जास्त गरम असतं. डाग पाघळला की जोड सुटला. बरेच जण आधी तारांना डाग देऊन मग त्यावर लग दाबतात, तेही करू नका. डाग मऊ असतो, दाबाखाली हळूहळू सरकतो आणि महिन्या-दोन महिन्यांत लग ढिला होतो.

बाजारातून काय आणायचं

पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लोहार चाळीत या वस्तू सहज मिळतात. गावोगावच्या इलेक्ट्रिकच्या मोठ्या दुकानांतही मिळतात. जळका लग बरोबर न्या. शक्य असेल तर ज्या पात्यावर तो बसतो त्याची रुंदी मोजून न्या. बहुतेक घरगुती उपकरणांत पातं ६.३ मिलिमीटरचं, म्हणजे पाव इंचाचं असतं. काही ठिकाणी ४.८ चंही असतं. ६.३ चा लग ४.८ च्या पात्यावर बसतो, पण डुगडुगतो, आणि डुगडुगणारा लग म्हणजे पुन्हा तोच वास.

दुकानदार बहुधा तांबड्या किंवा निळ्या प्लॅस्टिकचं टोपण असलेले लग समोर ठेवेल. तांबडे दीड चौरस मिलिमीटरपर्यंतच्या वायरीसाठी, निळे अडीचपर्यंतच्या. दिसायला छान, दाबायला सोपे. पण ते प्लॅस्टिक ओव्हनच्या आतल्या उष्णतेसाठी नसतं. मिक्सरच्या बटणाला चालतील, ओव्हनला, टोस्टरला नाहीत. तापणाऱ्या उपकरणासाठी उघडे लग मागा, आणि कॉइलच्या टोकाला लावायचे असतील तर निकेलचा मुलामा दिलेले पोलादी मागा. साध्या पितळेचा लग सतत तापला की त्याची पकड जाते, चिमट्याची स्प्रिंग जावी तशी. त्यावर चढवायला काचेच्या धाग्याची नळी मिळते, फायबर ग्लास स्लीव्ह म्हणून मागा. दुकानदार "ताई, टेप मारा की" म्हणाला तरी बधू नका.

वायरही बदलायची असेल तर साधी पीव्हीसीची नको, ती ७० अंशांपर्यंतचीच असते. सिलिकॉनचं आवरण असलेली १८० अंशांपर्यंत टिकते. फायबर ग्लासच्या आवरणाचीही मिळते. जाडी जुन्या वायरीएवढीच, कमी अजिबात नाही.

पकडीचं काय? दातांनी, हातोडीनं किंवा साध्या पकडीनं दाबलेला लग हा लग नव्हे. वरून चपटा होतो, आतून पोकळ राहतो. क्रिंपिंगची पकड वेगळी मिळते, आणि उघड्या पाकळ्यांच्या लगची आणखी वेगळी असते. कट-कट आवाज करत पूर्ण दाबल्याशिवाय न सुटणारी घेतलीत तर उत्तम. ती थोडी महाग पडते खरी, पण दोन-तीन मैत्रिणींनी मिळून घेतली तर काय हरकत आहे? आमच्या भिशीतून आम्ही घेतली आहे. साच्यांपासून ढोकळ्याच्या स्टँडपर्यंत सगळं घरोघर फिरतं, त्यात ही एक भर.

आता पत्रा उघडू या

पण थांबा. मायक्रोवेव्ह असेल तर उघडायचा नाही. त्याच्या आत एक कपॅसिटर असतो, तो हजारो व्होल्टचा भार प्लग काढल्यावरही धरून ठेवू शकतो. त्यानं माणूस दगावतो. इंडक्शनची शेगडीही उघडू नका. गॅरंटीत असलेली वस्तू कंपनीकडेच द्या. आणि आत पाणी गेलं असेल, कॉइलच फुटली असेल, तर ते काम जाणत्याचं. मी बोलतेय ते साधा ओव्हन, टोस्टर, भाताचा कुकर आणि पूर्वी घरोघरी असलेला तो काचेच्या खिडकीचा गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन यांच्याबद्दल. आमच्या माळ्यावर तो अजून आहे, आणि त्यात भाजलेल्या नानकटाईची चव नव्यात नाही असं सासूबाईंचं ठाम मत आहे!

प्लग काढा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही, प्लग भिंतीतून बाहेर, आणि तो डोळ्यांसमोर ओट्यावर ठेवा. ओव्हन पूर्ण गार होऊ द्या. पत्रा काढलात की कशालाही हात लावण्याआधी मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढा. कुठली वायर कुठे होती हे नंतर आठवेल असं वाटतं, पण आठवत नाही. पत्र्याच्या कडा धारदार असतात, माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे.

लग काढताना वायर ओढू नका, लग धरून हलवत काढा. आता पातं नीट पाहा. चकचकीत असेल तर छान. थोडं काळवंडलं असेल तर बारीक पॉलिश पेपरनं हलकेच घासा. पण त्यावर खड्डे पडले असतील, ते निळं-जांभळं झालं असेल, किंवा ज्या काळ्या ठोकळ्यात ते बसवलंय तो ठोकळाच भाजून फुगला असेल, तर नवा लग लावून उपयोग नाही. चार दिवसांत तोही जळेल. मग तो थर्मोस्टॅट किंवा ते बटणच बदलायला हवं. आमचं पातं सुदैवानं घासण्यावर निभावलं.

वायरीचं काळं टोक कापा. कुठपर्यंत? तांबं लालसर, चमकदार दिसेपर्यंत. भाजलेलं तांबं काळं आणि कडक होतं, त्यावर कितीही घट्ट लग दाबा, तो जोड धरत नाही. इथे बायका काटकसर करतात, मीही केली. बोटभर वायर वाचवायला गेले आणि वन्संनी माझ्या हातातून कात्री घेतली. "अगं वहिनी, नासलेला बटाटा कापतेस तशी काप की! वरवर सोलून काय उपयोग?" कापल्यावर वायर पुरत नसेल तर तिला तुकडा जोडू नका. त्या टोकापासून या टोकापर्यंत नवीच घाला.

मग पाच-सहा मिलिमीटर आवरण सोला. एकही तार तुटायला नको. तारांना बोटांनी हलका पीळ द्या. आणि आता सगळ्यात महत्त्वाची सूचना: स्लीव्ह आधी वायरीत ओवा! मी तीन वेळा लग सुरेख दाबला, कौतुकानं पाहिला, आणि मग लक्षात आलं की नळी ओट्यावरच पडली आहे. लग एकदा दाबला की परत उघडता येत नाही, कापूनच टाकावा लागतो. माझे तीन लग फुकट गेले. बांगड्या भरण्याआधी बाही घालावी तसंच हे.

लग पकडीच्या खाचेत बसवा, पाकळ्या वरच्या बाजूला. सोललेली तार अशी ठेवा की पुढच्या पाकळ्यांत नुसतं तांबं येईल, मागच्यांत नुसतं आवरण. पुढच्यांत आवरण आलं तर वीजच नीट जाणार नाही, आणि हा दोष बाहेरून दिसतही नाही. तारांची टोकं पुढून एखाद मिलिमीटर डोकावायला हवीत. आता दाबा, पकड स्वतः सुटेपर्यंत.

मग वायर एका हातात, लग दुसऱ्या हातात, आणि जोरानं ओढा. संकोच करू नका. तार निसटली तर आत्ताच कळलं ते बरं. वन्संच्या कारखान्यात यासाठी यंत्र होतं, दर पाळीला काही जोड मुद्दाम ओढून तोडून पाहायचे. घरी आपले हातच यंत्र. पहिले दोन-चार लग जुन्या वायरीच्या तुकड्यावर दाबून हात बसवून घ्या.

लग पात्यावर सरकवताना चांगला जोर लागला पाहिजे. लोण्यासारखा गेला तर माप चुकलंय. जुना ढिला लग पकडीनं चिमटून परत लावायचा मोह होतो, पण एकदा तापून मऊ पडलेल्या लगची पकड चिमटून येत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा ढिला. शेवटी स्लीव्ह पुढे ओढून लग पूर्ण झाका आणि वायरी कॉइलच्या टोकांना किंवा धारदार कडांना टेकत नाहीत ना ते पाहा.

हिरव्या वायरीचं काय?

आमच्या ओव्हनमध्ये हे काम सर्वांत शेवटी केलं, पण खरं तर पहिलं तेच. अर्थिंगची वायर हिरवी किंवा हिरवी-पिवळी असते. फेज नव्या वायरींत तपकिरी आणि न्यूट्रल निळी, जुन्यांत तांबडी आणि काळी. अर्थिंगला पात्यावरचा लग नाही, गोल कडीचा लग दाबायचा आणि तो स्क्रूनं ओव्हनच्या पत्र्याला घट्ट आवळायचा, मध्ये दातेरी वॉशर घालून. पत्र्याला रंग असेल तर कडीखालचा रंग आधी खरवडा. रंगातून वीज जात नाही, आणि वरून दिसायला मात्र सगळं व्यवस्थित दिसतं. ही वायर आत बाकीच्या दोन वायरींपेक्षा थोडी लांब ठेवा. कधी बाहेरून वायरीला हिसका बसला तर बाकीच्या आधी सुटतील, ही शेवटपर्यंत धरून राहील.

पत्रा लावून झाला की प्लग लावण्याआधी मीटरवर तपासा. साधा मल्टिमीटर घरात असावा, तो काही फार महाग नसतो. प्लगची मोठी जाड पिन अर्थिंगची. एक टोक त्या पिनेला, दुसरं ओव्हनच्या उघड्या धातूला, एखाद्या स्क्रूला लावा. अडथळा जवळजवळ शून्य यायला हवा. मग टायमर आणि बटणं चालू करून, प्लग अजून बाहेरच, दोन बारीक पिनांना टोकं लावा. आमच्या १२०० वॅटच्या ओव्हनला दोन्ही कॉइल धरून ४४ ओहमच्या आसपास यायला हवं, ४२-४३ आलं. (२३० चा वर्ग करून वॅटनं भागा, तुमच्या ओव्हनचा आकडा मिळेल.) शेवटी त्या दोन बारीक पिनांपैकी प्रत्येक पीन आणि पत्रा यांच्यात काहीच जोड दाखवता कामा नये. दाखवला तर प्लग लावायचा नाही, ओव्हन सरळ जाणत्याकडे. दमटपणामुळे होणारी बारीक गळती या मीटरवर नेहमीच पकडली जाते असं नाही, म्हणून शंका आली तरी तेच करा.

घरच्या सॉकेटलाही अर्थिंग आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा बघून घ्या. जुन्या वाड्यांत, चाळींत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं! आमच्या इमारतीत ईएलसीबी नव्हता, आता ३० मिलिअँपिअरचा बसवून घेतला. आणि हजार वॅटच्या वरची वस्तू लहान पिनेच्या सॉकेटला, अडॅप्टर लावून चालवू नका. सोळा अँपिअरचं मोठं सॉकेट त्यासाठीच असतं.

तुम्हाला स्वतः पत्रा उघडायचा नसेल, तर नका उघडू. पण दुरुस्तीवाल्याकडून वस्तू घेताना एवढं विचारा: लग बदललात की वायर गुंडाळलीत? जुना लग दाखवता का? हिरवी वायर कुठे लावलीत? आणि मोठी पीन आणि पत्रा यांच्यातला तो शून्याचा तपास दुकानातच, आपल्या डोळ्यांसमोर करून मागा. चांगल्या कारागिराला यात अर्धं मिनिट लागतं आणि त्याला रागही येत नाही.

मी मागच्या महिन्यात शेजारच्या वहिनींचा टोस्टर घेऊन मुद्दाम त्याच कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. त्याच्या बटणाचं पातंच भाजलं होतं, ते माझ्यानं होण्यासारखं नव्हतं. ओव्हनची सगळी हकीगत त्याला सांगितली, सासूबाईंच्या हाताला मुंग्या आल्या तेही. तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "वहिनी, गिऱ्हाईक म्हणतं आजच्या आज द्या, शंभर रुपयांच्या वर नको. मग टेप मारली जाते." टोस्टर त्यानं दोन दिवसांनी दिला, नवं बटण, नवे लग, वर फायबर ग्लासची नळी घालून. पैसे आधीपेक्षा जास्त घेतले आणि मी ते न कुरकुरता दिले. मीटर मात्र मी पिशवीतून नेला होता, तो काढल्यावर त्यानंच हात पुढे केला आणि टोकं लावून दाखवली.